लातूरहून नेलेल्या गोळ्या

आमच्या लातुरात सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा एक घोळका आहे, त्यात मी. सगळ्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, कुणाचं थायरॉइड, असं जिचं तिचं भांडवल घेऊन आम्ही साडेपाचला निघतो. अंगात पंजाबी ड्रेस, पायात पोरांनी पुण्याहून पाठवलेले बूट. रात्री भिजवलेल्या मेथ्या, कॅल्शियमची गोळी, गच्चीवर प्राणायाम, महिन्यातून एकदा पार्लर. ‘स्वतःसाठी वेळ काढायला पाहिजे बाई,’ हे वाक्य आमच्यात रोज कुणी ना कुणी म्हणतंच. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं आम्ही दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं ठरवलं होतं. मी या सगळ्यात पुढे. चालण्यातही आणि बोलण्यातही.

माझ्या थोरल्या जाऊबाई नांदेडकडे, अर्धापूरजवळच्या आमच्या गावी राहायच्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. केळीची बाग, दोन म्हशी, आधी सासऱ्यांचं आजारपण, मग सासूबाईंचं, हे सगळं त्यांनी ओढलं. माझ्या नवऱ्याला लातूरला कॉलेजात नोकरी लागली आणि आम्ही सुटलो. सुटलो हाच शब्द खरा आहे. सणाला पाहुण्यासारखं जायचं, दोन दिवस पदर खोचून मिरवायचं आणि येताना केळीचा घड, डाळ, तूप गाडीत घालून परत यायचं. अक्कांनी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर कदाचित थोडी बरी माणूस झाले असते.

स्वतःची काळजी म्हणून अक्का दोन गोष्टी करायच्या. एक, दुपारी चारला मागच्या दारी बसून मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी करून तिची पूड डबीत भरून ठेवलेली असायची. बोटानं ती दातांवर घोळवत पाऊण तास बसायच्या, तेवढ्या वेळात त्यांच्याशी बोललं तरी उत्तर मिळायचं नाही. मी लातूरचं शहाणपण शिकवायला जायचे.

“अक्का, दात पडतील तुमचे.”

“पडू दे. भाकर कुस्करून खाईन,” असं तोंड मोकळं झाल्यावर म्हणायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे सलाईन. आमच्याकडच्या खेड्यांत हे सगळीकडे आहे. अंगातून जीव गेल्यासारखं वाटलं, चक्कर आली, पाय उचलेना, की बाई गावातल्या डॉक्टरकडे जाते आणि एक बाटली लावून घेते. अक्का वर्षातून तीन-चारदा जायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं की अक्का, त्या बाटलीत मीठ-साखरेच्या पाण्यापलीकडे काही नसतं, घरी लिंबू सरबत घ्या. त्या हसल्या.

“ते मला बी ठाव हाय गं माय. पर दीड तास पडायला मिळतंय. हातात सुई हाय म्हनल्यावर कोनी ऊठ म्हनत न्हाई.”

हे मी आमच्या घोळक्यात मोठ्या मजेनं सांगितलं होतं. सगळ्या हसल्या होत्या. मला त्या हसण्याची आज लाज वाटते.

आता महालक्ष्म्यांचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. भाद्रपदात तीन दिवस आमच्या गावच्या घरी महालक्ष्म्या बसतात. एक दिवस त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. आमच्या घरात रीत अशी की त्यांना उभं करायचं ते थोरल्या सुनेनं. मुखवटे तिनंच चढवायचे, साड्या तिनंच नेसवायच्या, पुरणही तिच्याच हातचं. चाळीस-पन्नास पान उठतं. आणि थोरल्या सुनेला त्या तीन दिवसांत अडचण यायला नको. आली तर ती बाजूला बसणार, आणि मग सगळं धाकटीवर येणार, म्हणजे माझ्यावर.

त्यावरचा उपाय म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरोघरी हेच चालतं, कुणी तोंडानं बोलत नाही एवढंच. भाद्रपद लागला की लातूरच्या मेडिकलवाल्याला काही सांगावं लागत नाही. बाई काउंटरशी येऊन नुसती उभी राहिली आणि इकडंतिकडं बघायला लागली, की तो न विचारता पाकीट कागदात गुंडाळून पुढे सरकवतो. अक्कांना मात्र गावात हे जमायचं नाही. गावातलं मेडिकल लांबच्या नात्यातल्या दिराचं. दिराकडे असल्या गोळ्या कशा मागायच्या? म्हणून सासूबाई गेल्यापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, अक्कांच्या गोळ्या मी लातूरहून न्यायचे. श्रावण संपत आला की त्यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच म्हणायच्या, “येताना ते आन बरं का.” मी ते आणायचे. कुठल्या डॉक्टरला विचारावं असं ना त्यांना वाटलं, ना मला.

मग एका वर्षी अक्कांची पाळी गेली. मी दिवाळीला गेले होते. आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. भाऊजी आत आहेत का बघून त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “सुटले गं एकदाची. सहा म्हयने झाले, काई न्हाई.” एवढा मोकळा चेहरा त्यांचा मी क्वचितच पाहिला असेल. त्यानंतरच्या महालक्ष्म्या त्यांनी गोळ्यांशिवाय केल्या. त्या तीन दिवसांत त्या अक्षरशः पळत होत्या. पुरण शिजताना गाणं म्हणत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना आग्रह करकरून वाढत होत्या. मला म्हणाल्या, “आता मरेपतूर माझं मीच करीन. तुला काई वझं न्हाई.”

त्याच्या पुढच्या वर्षी आषाढात आमच्या महिला मंडळानं एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान ठेवलं. विषय होता पन्नाशीनंतरचं आरोग्य. बाई छान बोलल्या, साध्या शब्दांत. इतर बरंच सांगितलं, आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, थेंबभर गेलं तरी, त्याला पाळी समजू नका. लगेच तपासून घ्या. तो दुखण्याचा पहिला इशारा असू शकतो आणि त्याच वेळी धरला तर बाई वाचते. आभार मी मानले. आभारांच्या भाषणात शोभेल म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, “थेंबभर दिसलं तरी दुर्लक्ष करू नका, हा लाखमोलाचा सल्ला आपल्याला मिळाला.” टाळ्या पडल्या. नंतर सगळ्यांना उपमा आणि एकेक पाण्याची बाटली मिळाली.

महिन्याभरानं अक्कांचा फोन आला.

“येताना ते आन बरं का,” त्या म्हणाल्या.

“कसलं ते?” मी खरंच विसरले होते.

“ते गं. गोळ्या. मला पुन्हा सुरू झालंय. पंधरा दिस झाले, मधीच येतंय, मधीच जातंय. लक्ष्म्या तोंडावर आल्यात, मला कसंतरी होऊन राहिलंय.”

पाळी जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती. मी हिशेब न करताही मला ते ठाऊक होतं. आणि मी हसले. मी म्हणाले, “अक्का, तुम्ही तर तरुण झालात की. भाऊजींना सांगितलं का?” त्याही लाजून हसल्या. “काईबी बोलतीस,” म्हणाल्या. मी म्हणाले, आणते.

मला त्या क्षणी डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. आठवलं होतं. फोन ठेवल्यावर भाजी निवडताना ते आठवलं, आणि माझा हात थांबला होता. मग त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. आत्ता सांगितलं तर अक्कांना नांदेडला न्यावं लागेल, तपासण्या होतील, कदाचित ठेवून घेतील. मग महालक्ष्म्या मला उभ्या कराव्या लागतील. ते पुरण, ती सोळा भाज्यांची चिरचिर, ओल्या वस्त्रानं चुलीपुढे बसणं, चाळीस पान. माझी कंबर. मला ते नको होतं. मी मनाशी म्हटलं, सण होऊन जाऊ दे, मग सांगू. इतकं साधं होतं ते. त्यात द्वेष नव्हता, वैर नव्हतं, फक्त आळस होता आणि वर्षानुवर्षांची सवय होती की कष्ट अक्का करतात. मी भाजी निवडून फोडणीला टाकली.

गोळ्या घेऊन गेले. दोन दिवस आधीच जाऊन पोचवल्या, इतकी मी कर्तव्यदक्ष. गोळ्यांनी बरंच थांबलं. महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, जेवल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी ऐन स्वयंपाकात अक्का दोनदा उठून न्हाणीकडे गेल्या आणि लुगडं बदलून आल्या, हे मी पाहिलं. काही शिळंपाकं खाल्लं असेल, पोट बिघडलं असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केळीचा घड गाडीत घालून मी लातूरला परत आले, आणि सण होऊन गेल्यावर सांगायचं ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मीच राहू दिलं. दसरा आला, दिवाळी आली. फोनवर त्या म्हणायच्या बरी हाय, आणि मला तेच ऐकायचं होतं.

त्या हिवाळ्यात अक्कांनी पाच-सहा वेळा सलाईन लावून घेतली. मला हे नंतर कळलं. अंगावरून जायचं पुन्हा सुरू झालं होतं. कंबर धरायची, पाय सुजायचे. आरोग्य केंद्राची आशाताई घरी आली तेव्हा तिला त्यांनी अशक्तपणा एवढंच सांगितलं. शिमग्याच्या सुमाराला त्या केळीच्या बागेत बसल्या त्या उठेनात. त्यांची एकुलती एक मुलगी नांदेडला दिलेली आहे. तीच येऊन त्यांना गाडीत घालून नांदेडला घेऊन गेली. मी दुसऱ्या दिवशी पोचले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी अक्कांना विचारलं, “पाळी गेल्यावर पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?” अक्का खाटेवर बसल्या होत्या, त्यांची मुलगी एका बाजूला, मी दुसऱ्या. भाऊजी दाराशी. अक्का खाली बघत म्हणाल्या, “ह्याच म्हयन्यात.”

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मी तिथंच उभी होते. मला ठाऊक होतं की त्या खोटं बोलतायत, आणि मी ते खोडलं नाही. तेव्हा वाटलं अक्का मला वाचवतायत. माझी सुटका झाल्यासारखं वाटलं आणि ते वाटल्याचीही मला तिथल्या तिथं किळस आली. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि पुढे सरकला होता. ऑपरेशन होण्याच्या पलीकडे. डॉक्टरबाई कुणावर रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या की थोडं आधी आला असतात तर. त्यांची आई अशीच कुठेतरी असेल, तिच्याशी त्या कशा बोलत असतील, असं काहीतरी माझ्या मनात येत राहिलं.

रेडिएशनचा शेक आणि केमो घ्यायला त्यांना लातूरला आणलं. पाच आठवडे त्या माझ्याकडे होत्या. माझं फिरणं सुटलं, मेथ्या सुटल्या, घोळक्यातल्या बायका येऊन खालच्या आवाजात बोलून जायच्या. सकाळी रिक्षानं दवाखान्यात जायचं, बारापर्यंत यायचं, मग अक्का गॅलरीच्या बाजूच्या खोलीत पडून राहायच्या. पहिले दोन दिवस त्या दर तासाला उठून बसायच्या आणि विचारायच्या, “काई करू का गं? लसूण तरी सोलून देते.” कुणी काही काम सांगत नाही, कुणी ऊठ म्हणत नाही, याची त्यांच्या अंगाला सवयच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी लसूण दिला. चार पाकळ्या सोलून त्या झोपी गेल्या.

त्यांचं वजन इतकं उतरलं होतं की न्हाऊ घालताना मला भीती वाटायची. मी त्यांच्या पाठीला साबण लावत होते तेव्हा एकदा त्या म्हणाल्या, “तुला सांगू का, मला ठाव हाय हे कामून झालं ते.”

मी तांब्यानं पाणी घालत राहिले.

“लक्ष्म्यांच्या जेवनाच्या दिवशी मला डाग लागला हुता. गोळ्या घिऊन बी. दोनदा. मी कोनाला बोलले न्हाई. बोलले असते तर पान उठलं नसतं, पाव्हने दारात आलते. मी तशीच लुगडं बदलून नैवेद्य दाखवला.” त्यांनी दोन्ही गुडघे छातीशी ओढले. “विटाळात शिवले मी त्यांना. त्याचंच हाय हे. म्हनून त्या डाक्टरला बी बोलले न्हाई, तुझे भाऊजी तितं हुते. त्यांना कळालं असतं तर काय तोंड दावलं असतं मी.”

त्या खोटं बोलल्या होत्या ते माझ्यासाठी नव्हे. मी त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते. सहा-सात महिने ती बाई एकटी हे घेऊन बसली होती की आपण देवीचा अपराध केला आणि देवीनं हात उगारला. मिश्री लावताना, सलाईनच्या खाटेवर, केळीच्या बागेत, शेकाच्या यंत्राखाली, सगळीकडे तिच्या डोक्यात तेच. मरणाची भीती एकीकडे, आणि आपल्या लायकीचंच मरण आपल्याला मिळालं ही समजूत दुसरीकडे. मला रडू कोसळलं. अक्कांना वाटलं मी त्यांच्या पापानं घाबरले. त्याच मला म्हणाल्या, “रडू नगं, तुला काई व्हत न्हाई त्याचं. तुला म्हाईत नव्हतं.”

तीन दिवस मी ते पोटात घेऊन फिरले. त्यांना नुसतं ‘असं काही नसतं हो अक्का’ म्हणून भागणार नव्हतं. ते मी म्हणून पाहिलं, त्यांनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. देवीचा कोप नाही हे त्यांना पटवायचं तर खरं कारण सांगावं लागणार होतं. आणि खरं कारण सांगायचं म्हणजे माझं नाव घ्यावं लागणार होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पेज पाजून झाल्यावर मी दार लोटलं आणि त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, “अक्का, हे लक्ष्म्यांमुळे नाही. त्याच्या आधीच दुखणं होतं. तुम्ही मला फोन केलात ना गोळ्यांचा, ते रक्त म्हणजे पाळी नव्हती, तो आजारच होता. तेव्हा दवाखान्यात गेलो असतो तर तुम्ही बऱ्या झाला असतात. आणि मला ते माहीत होतं. आमच्याकडे डॉक्टरीणबाईंनी महिनाभर आधी सांगितलं होतं. मला फोन ठेवल्यावर आठवलं. तरी मी बोलले नाही. सगळं माझ्यावर पडेल म्हणून बोलले नाही.”

अक्का कोपरावर रेलून उठल्या. आधी त्यांना नीट उमगलं नसावं. मग त्यांनी विचारलं, “म्हंजी माझ्या हातून काई झालं न्हाई?”

“नाही.”

“लक्ष्म्यांचं काई न्हाई?”

“नाही, अक्का.”

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात छातीवर जोडून धरले. ओठ हलत होते, त्या देवीशी काहीतरी बोलत असाव्यात. मला एक क्षण वाटलं की झालं, आपण निदान एवढं तरी केलं. मग त्यांनी डोळे उघडले.

“ठाव हुतं तर बोलायचं न्हाई का गं माय?” एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

त्या आवाजात राग असता तर मी सहन केला असता. त्या खरंच विचारत होत्या. मी भांडं उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ उघडला, तर पाणी यायचा दिवस नव्हता.

दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाणी दे, पंखा कमी कर. माझ्या हातचं जेवल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून रिक्षात चढल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मला क्षमा मागायचीही सोय राहिली नव्हती, कारण क्षमा मागणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक काम टाकणं. नवऱ्यानं विचारलं, काय झालं तुम्हा दोघींचं, तर मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतोय त्यांना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलीचा नांदेडहून फोन आला होता. ती रोजच करायची. फोन झाल्यावर अक्कांनी मला हाक मारली आणि जवळ बसवलं.

“पोरीला सांगितलंस का ते?”

“नाही. पण सांगणार आहे. तिला कळायला पाहिजे.”

“सांगू नको.”

“अक्का, मला हे घेऊन जगता यायचं नाही.”

“तुला काय जमतंय ते मी इचारलं न्हाई,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याशी अशा बोलल्या. “मी गेल्यावर तिला कोन हाय? भाऊ न्हाई, भन न्हाई. बापाला चूल येत न्हाई. पंचमीला, दिवाळीला पोरगी कुटं जाईल? तुझ्याच दारात यील ना? तू तिला हे सांगितलंस की ती तुझं तोंड बघायची न्हाई. आन् मग तिला माहेरच ऱ्हायचं न्हाई. आई बी गेली आन् दार बी गेलं.” त्यांना दम लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. “तुझ्या मनाला हलकं वाटावं म्हनून माझ्या लेकीचं माहेर मोडू नको. ह्ये तू करायचं. यवढं तर कर.”

मी हो म्हणाले. त्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला, शपथ म्हणून. केस सगळे गळून गेले होते.

पाच आठवडे पुरे झाल्यावर त्यांना घरी जायचं होतं, केळी बघायची होती. आम्ही नेलं. पुढे दीड महिना त्या होत्या. आषाढात गेल्या. शेवटचे आठ दिवस मी तिथंच होते, चूल माझ्याकडे होती, पाहुण्यांची पानं मीच वाढत होते. माझी कंबर काही मोडली नाही. सगळं जमलं मला. ते मला जमत होतं याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. दहाव्याला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, धाकटीनं लई केलं हो जावंचं, सख्खी भन करायची न्हाई इतकं केलं. मी खाली मान घालून ते ऐकून घेतलं.

पंचमीला मी त्यांच्या मुलीला लातूरला घेऊन आले. आई गेल्यावरचा पहिला सण होता. बांगड्या भरल्या, साडी घेतली, मंडळात व्याख्यान दिलेल्या त्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन तिच्या सगळ्या तपासण्या करवून घेतल्या. ती हसून म्हणाली, काकू, मला काही होत नाहीये. मी म्हटलं, तुला विचारलं नाही. ती अवघी तिशीची आहे, चेहरा थेट आईचा. बोलताना ओठ दाबून धरायची सवयही तीच.

संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत चटई टाकून बसलो होतो. ती म्हणाली, “काकू, आई मला काही सांगायचीच नाही. मला फार राग येतो तिचा. कुणाला तरी सांगायचं ना तिनं.”

मी चटईची सुटलेली काडी आत खोचली.

“तुम्हाला जरी सांगितलं असतं ना तिनं वेळेवर, तरी ती आज असती. तुम्ही सोडलंच नसतं तिला. ओढत नेलं असतं दवाखान्यात. नेलं असतं ना, काकू?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, “हो. नेलं असतं.”

तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. आई आजारी पडल्यापासून पोरगी धड झोपली नसावी. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. मी तो हलवला नाही.